ब्ले पॉ मावशीचा पाहुणचार

ब्ले पॉ मावशी आमच्या गावची पाटलीण. पाटलाची बायको म्हणून पाटलीण नव्हे, ती स्वतःच गावची पाटील. ब्रह्मदेशच्या या टोकाला, आमच्या करेन मुलखात, ही रीत युद्धानं पाडली. पुरुष पाटील झाला की लष्कर येऊन त्याला झाडाला बांधणार आणि ‘बंडखोरांना तांदूळ कुणी दिला’ म्हणून हाडं मोडणार. लष्कर गेलं की आमचीच पोरं जंगलातून येऊन विचारणार, ‘लष्कराला वाट कुणी दाखवली?’ इकडे आड, तिकडे विहीर. असे दोन पाटील मेले, तिसरा सरहद्दीवरची मोई नदी ओलांडून पलीकडच्या देशात पळाला तो आलाच नाही. मग गावातल्या शहाण्या बाप्यांनी डोकं लावलं, की बाईमाणसावर हात टाकताना शिपाईसुद्धा जरा कचरतो, तर बाईलाच करू पाटील. शहाणे कसले, भित्रट मेले! मावशी तेव्हा नुकतीच विधवा झालेली, पदरात सहा वर्षांची पोर, ठूवा. सगळे तिच्या घरात जाऊन बसले नि म्हणाले, ‘तू काही नाही म्हणायची नाहीस.’ आणि तिनं खरंच नाही म्हटलं नाही.

तिचं सगळं आयुष्य त्या एका न म्हटलेल्या ‘नाही’वर चाललं. लष्कराची तुकडी आली की ही हसत सामोरी. ‘या साहेब, बसा साहेब, जेवलात का साहेब?’ आमच्यात कुणीही दारात आलं की पहिला प्रश्न जेवणाचाच असतो. पान-सुपारीचं तबक पुढे करायची, कोंबडी कापायची. साहेबानं विचारलं, ‘गावात काही गडबड?’ की ठरलेलं उत्तर, ‘छे, छे, सगळं ठीक आहे.’ बूट घातलेल्या माणसाला आमच्याकडे दुसरं काही सांगतच नाहीत. काही कमी आहे म्हणावं तर त्याला वाटतं, तांदूळ बंडखोरांना गेला. काही दुखतंय म्हणावं तर तो विचारतो, कुणी मारलं, नाव सांग. त्यापेक्षा झाकली मूठ बरी. मागायचे वीस पोती तांदूळ, तर ही हसत-हसत, आर्जवं करत, सहा पोत्यांवर आणायची. शिपायांनी सतरा वर्षांत आमच्या गावातलं एकही घर जाळलं नाही, ते तिच्या त्या हसण्यामुळे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन.

मी या गावची थरामू, म्हणजे शाळेची बाई. इंग्रजी मी नदीपलीकडच्या निर्वासितांच्या छावणीत शिकले, त्यामुळे बाहेरचं कुणी आलं की दुभाषी म्हणून माझीच वर्णी. मधली काही वर्षं तहाची होती, बरी गेली. मग राजधानीत सेनापतींनी सरकार उलथून टाकलं, सगळा देश पेटला, आणि शिपायांच्या जागी आमच्याकडे विमानं यायला लागली. विमानाला काय पान-सुपारी देणार?

आमच्या युद्धाकडे परक्या देशांचं लक्ष नाही, असं कोण म्हणतो? चिक्कार आहे. फक्त प्रत्येकाला त्यात आपापलंच काहीतरी दिसतं. उत्तरेच्या मोठ्या शेजाऱ्याचा एक माणूस आला होता, त्याला फक्त रस्ता दिसत होता. ‘पुढच्या वर्षी हा रस्ता कुणाच्या ताब्यात असेल?’ असं त्यानं चारदा विचारलं. मावशी मला म्हणाली, ‘खड्ड्यांच्या, म्हणावं.’ ते काही मी त्याला सांगितलं नाही. मग लांबच्या देशातलं एक गोरं जोडपं आलं, वही घेऊन. तुम्हा बंडखोरांच्या गटांत एकी आहे का, समितीत बायका किती, असं विचारत होतं. मावशी म्हणाली, ‘नवरे किती उरलेत ते आधी मोजा म्हणावं.’ पलीकडच्या काठावरच्यांना तर युद्ध दिसतच नाही, त्यांना नदी ओलांडून येणारी माणसं दिसतात. आणि ही माणसं परत कधी जाणार, हा त्यांचा एकच प्रश्न. एक देश लष्कराला विमानं विकतो, दुसरा निषेध फुकट वाटतो, तिसरा मलमपट्ट्यांची खोकी धाडतो. दुरून डोंगर साजरे. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गेल्या साली भाताच्या कापणीआधी विमानांनी आमची शाळा पाडली. रविवार होता म्हणून पोरं वाचली. त्यानंतर आसपासच्या गावांतली दीड हजार माणसं नदी ओलांडून पलीकडच्या काठावर प्लास्टिकच्या कापडाखाली जाऊन राहिली. ठूवा त्यांच्यात होती. तिचा नवरा आमच्या पोरांबरोबर डोंगरात लढायला गेलेला, आणि ती दिवस भरत आलेली. तिकडेच काठावर तिला मुलगी झाली. मावशी पाटील असल्यामुळे मागे राहिली. मीही राहिले, आणि ज्यांना चालवत नव्हतं ते राहिले.

मग निरोप आला, की एक पाहणी पथक येणार आहे. एक लांबच्या देशातले हेन्रिक साहेब आणि एक पलीकडचे निवृत्त कर्नल. ते आमचं गाव बघणार आणि अहवाल देणार. गाव शांत आहे असं त्यांनी लिहिलं, तर काठावरच्या सगळ्यांना महिन्याच्या आत परत पाठवणार. गाव धोक्याचं आहे असं लिहिलं, तर राहू देणार. इतकं सरळ होतं ते. शेंबड्या पोरालाही कळावं.

मी मावशीला तीन वाक्यं पाठ करायला लावली. एक, आमच्याकडे खायला नाही. दोन, विमानं अजून येतात. तीन, आमच्या माणसांना परत पाठवू नका. पोरांकडून पाढे घोकून घ्यावेत तशी घोकून घेतली.

‘पण हे जेवायच्या आधी सांगायचं की नंतर?’ मावशीनं विचारलं.

‘आधी! आल्या-आल्या!’

‘उपाशी माणसाला दारातच असलं सांगतात का गं? तुझ्या आईनं तुला काही शिकवलं की नाही?’

‘मावशी, त्यांना जेवायलाच घालायचं नाही. तलबॉचं भांडं पुढे ठेवायचं. तेच दाखवायचं.’

तलबॉ म्हणजे आमची गरिबाची पेज. मूठभर तांदूळ, बांबूचे कोंब, रानातला पाला, चिमूटभर माशांची चटणी आणि भरपूर पाणी. चार महिने सगळं गाव तेच पीत होतं. मावशी माझ्याकडे अशी बघत राहिली, की जणू मी तिला कपडे काढून उभी राहा म्हणाले. मग म्हणाली, ‘बरं. तू शिकलेली आहेस. तू म्हणतेस तसं.’

तिनं ‘बरं’ म्हटलं तिथेच मी ओळखायला हवं होतं. तिचं ‘बरं’ म्हणजे काय, हे मी जन्मभर बघत आले होते.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी बाहेर पडले तर काय! गाव कसं लखलखीत. शाळेच्या पडक्या भिंतीच्या विटा रचून बाजूला केलेल्या, अंगणातल्या बाँबच्या खड्ड्यावर फळ्या टाकून वर चटई आणि चटईवर रानफुलांची कुंडी.

‘हे कुणी केलं?’ मी किंचाळलेच.

‘मग काय, पाहुणे यायचे आणि तो राडा तसाच ठेवायचा?’ खराटा हातात घेऊन एक म्हातारी म्हणाली. ‘लोक काय म्हणतील?’

‘अहो, तो राडाच तर दाखवायचाय!’

पण ऐकतो कोण. प्रत्येक घरानं काही ना काही मावशीकडे आणून दिलेलं. पेरणीसाठी जपलेलं भात कांडून काढलेले तांदूळ, उरलेल्या तीन कोंबड्या, कुणी लपवून ठेवलेली गुळाची ढेप. घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा, त्यातली गत. तलबॉचं भांडं मावशीनं घरामागे नेऊन वर केळीचं पान झाकलेलं. मी पानावर बोट ठेवून म्हटलं, ‘मावशी, काय ठरलं होतं आपलं?’

‘सांगते गं ती तीन वाक्यं. पाठ आहेत मला. पण रिकाम्या हातानं कसं सांगू? पोट भरलं की माणूस नीट ऐकतो.’

आता वाटतं, तेव्हाच ते भांडं उचलून खांबांवरच्या त्या घराच्या शिडीपाशी नेऊन ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं. कोंबडीचा वास सुटला होता आणि खरं सांगू? माझ्याही तोंडाला पाणी सुटलं होतं.

पाहुणे आले. हेन्रिक साहेब उंच, पांढऱ्या केसांचे, चेहऱ्यानं भले वाटणारे. त्यांनी जोडे शिडीखाली काढले. कर्नल मात्र बूट घालूनच वर आले आणि चटईच्या कडेला बसले. मावशीची नजर त्या बुटांवर गेली ती तिथून हलेना. तिचं तोंड आपोआप हसायला लागलं. ते हसू मी ओळखत होते. सतरा वर्षं शिपायांसमोर हसली तेच.

‘वाढ गं साहेबांना,’ ती म्हणाली.

हेन्रिक साहेबांनी जेवता-जेवता विचारलं, ‘तुमच्याकडे खायला पुरेसं आहे का?’ मी भाषांतर केलं. मावशीनं त्यांच्या ताटाकडे पाहिलं. ताट रिकामं होत आलेलं. जेवणाऱ्या पाहुण्याला यजमानीण काय म्हणणार, की नाही, पुरे करा? ती म्हणाली, ‘आहे, आहे, खूप आहे. आणखी घ्या ना!’ आणि भाताचा डोंगर वाढला.

मी खाली मान घालून करेन भाषेत पुटपुटले, ‘मावशी, ती तीन वाक्यं!’

‘सांगते, सांगते. आधी त्याचा भात संपू दे.’

‘विमानं येतात का अजून?’ साहेबांनी विचारलं.

‘येतात कधीमधी. हल्ली नाही आली.’ हल्ली म्हणजे सहा दिवस. पण घरात जेवायला बसलेल्या माणसाला ‘तुमच्या डोक्यावर आत्ता बाँब पडेल’ असं कसं सांगायचं? त्याच्या घशात घास अडकेल. कर्नलसाहेबांनी मान डोलावली आणि काहीतरी लिहून घेतलं.

मग साहेबांनी तिसरा प्रश्न विचारला. ‘पलीकडचे लोक परत आले, तर त्यांना राहायला इथे जागा आहे का?’

मी तो प्रश्न सांगताना मुद्दाम एकेक शब्द सावकाश उच्चारला. डोळ्यांनी खुणावलं. मावशीचे ओठ हलले. मला वाटलं, आता आलं, आता आलं तिसरं वाक्य. तिचे डोळे पाण्यानं भरले.

‘माझी लेक आहे त्यांच्यात,’ ती म्हणाली. ‘माझ्या लेकीला माझ्या घरात जागा नाही, असं कसं म्हणू मी? आपल्या माणसांना जागा नेहमीच असते.’

मी ते जसंच्या तसं सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. हेन्रिक साहेबांना गहिवरून आलं. त्यांनी मावशीचा हात हातात घेतला. कर्नलसाहेबांनी फोटो काढला. फोटोत मावशी हसते आहे, मागे भाताचं पातेलं आहे आणि चटईवर अंगणातून वर आणलेली रानफुलं.

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात. त्यांनी कोंबडीवरून युद्धाची केली.

पाहुणे उठले, मी त्यांना नदीच्या धक्क्यापर्यंत पोहोचवायला गेले. परत येते तो मावशी घरामागे तलबॉच्या भांड्याशी बसलेली. ‘थरामू, मी सांगितलंच नाही गं,’ ती म्हणाली. ‘त्या बुटांकडे बघितलं आणि मेली माझी जीभच वळेना.’ मी तिला नाही नाही ते बोलले. मूर्ख म्हटलं, लाचार म्हटलं, तुझ्या कोंबडीनं तुझ्या पोरीचा गळा कापलास म्हटलं. हे शेवटचं वाक्य मला परत घेता येत नाही.

वीस दिवसांत माणसं परत यायला लागली. पलीकडच्यांनी प्रत्येकाच्या हातात एक कागद, तांदळाचं पोतं आणि प्लास्टिकचं कापड दिलं आणि होडीत बसवलं. जबरदस्ती कुणी केली नाही. अगदी नम्रपणे पाठवलं. ठूवा लेकीला कापडात गुंडाळून शिडी चढून आली आणि म्हणाली, ‘आई, त्यांनी तुझा फोटो दाखवला आम्हाला. म्हणाले, बघ, तुझी आई वाट बघतेय.’ मावशीनं नातीला घेतलं, पण लेकीच्या डोळ्याला डोळा देता आला नाही तिला.

ती आल्यावर अकराव्या दिवशी विमान आलं. सकाळचे नऊ वाजले असतील. ठूवा ओढ्यावर लंगोट धूत होती आणि बाळ मावशीकडे होतं. ओढ्यावर चार बायका होत्या, चारही गेल्या. ठूवाला आम्ही तिच्या लुंगीवरून ओळखलं. एवढंच सांगते. जास्त मला सांगवत नाही.

त्यानंतर गावात मावशीला तोंडावर कुणी काही म्हटलं नाही. आमच्यात म्हणत नाहीत. पण पाठीमागे म्हणतात, आणि आमची घरं बांबूची, पाठीमागचं सगळं ऐकू जातं. ‘पाटलीणबाईंचा पाहुणचार भारी पडला.’ ज्यांनी स्वतःच्या कोंबड्या आणून दिल्या, तेच सर्वांत जास्त म्हणतात. मावशीनं चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं, ‘चूक माझी आहे. मला पाटीलकी नको.’ कुणी ‘बरं’ म्हणालं नाही, कुणी ‘राहू दे’ म्हणालं नाही. तिच्या जागी यायला कुणी तयार नाही, म्हणून अजून तीच पाटील. आता पाहुणे आले की ती हसत नाही. नुसती बसून राहते, नातीला मांडीवर घेऊन. नातीला भाताच्या पाण्यावर तिनं कसं जगवलं, ते तिचं तिला माहीत.

आता माझं सांगते. इतका वेळ तिचंच सांगत बसले, कारण ते सोपं आहे.

त्या दिवशी धक्क्यावर कर्नल पुढे होडीत जाऊन बसले. हेन्रिक साहेब मागे थांबले, सागाच्या झाडाखाली. माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, ‘तुमचं इंग्रजी फार सुंदर आहे. तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्यावर माझा विश्वास आहे. खरं सांगा, ती म्हणाली तसंच आहे का सगळं?’

बूट नव्हते त्यांच्या पायात. होडीत चढायला नुकतेच काढलेले जोडे हातात होते. जवळपास कुणी नव्हतं. ऐकायला कुणी नव्हतं. एका शब्दाचं काम होतं.

मी म्हटलं, ‘ती आमची पाटील आहे. तिला जास्त माहीत.’

का म्हटलं? सबबी माझ्याकडे पुष्कळ आहेत. वडीलधाऱ्या माणसाला परक्यापुढे खोटं पाडत नाहीत, ही एक. चार घास खाऊन निघालेल्या माणसाला ‘तुम्ही आमचं बियाणं खाल्लंत’ असं सांगत नाहीत, ही दुसरी. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. ‘तुमचं इंग्रजी सुंदर आहे’ हे वाक्य माझ्या कानात गोड वाजत होतं. छावणीत दुसऱ्यांच्या फाटक्या पुस्तकांवर शिकलेली मी, आणि एका मोठ्या देशाचा माणूस मला बरोबरीनं विचारत होता. त्याच्यापुढे आम्ही पेज पिणारी माणसं म्हणून उभं राहायची मला लाज वाटली. बस्स, इतकंच. त्या लाजेपायी. मावशीला मूर्ख म्हणायला मी त्याच पायांनी परत आले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

परवा दुपारी मावशी नातीला न्हाऊ घालत होती. मी पाणी ओतत होते. ती म्हणाली, ‘थरामू, एक विचारू? रागावू नकोस.’

‘विचार की.’

‘इतके मोठे देश, इतके शिकलेले साहेब. ते काय एका अडाणी बाईच्या शब्दावर दीड हजार माणसांचं ठरवतील? आणखी कुणाला तरी विचारलं असेल ना त्यांनी? धक्क्यावर तू होतीस बरोबर. तुला काही विचारलं का गं?’

तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत आशा होती. एवढीशी, पण होती. मी ‘हो’ म्हटलं असतं, तर तिच्या छातीवरचा अर्धा धोंडा माझ्या छातीवर आला असता. तेवढंच ती मागत होती.

‘नाही मावशी,’ मी म्हटलं. ‘मला काही नाही विचारलं.’

‘दुसऱ्या कुणाला?’

‘कुणालाच नाही. फक्त तुला विचारलं.’

‘हं,’ ती म्हणाली. ‘मग माझंच.’ आणि पाणी डोळ्यांत जाऊ नये म्हणून तिनं पोरीच्या कपाळावर हात आडवा धरला आणि मला म्हणाली, ‘ओत.’